एटीएस : फेरारी सोडलेल्यांची गाडी (पोलिसांचं पथक नव्हे)

गिअरबदलू

मागे एका धाग्यावर फेरारीच्या शत्रूंची चर्चा चालली होती. नेहमीप्रमाणे ट्रॅक्टरवाले लाम्बोर्गिनी आले, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीतला फोर्ड आला. मी तिथे फक्त "एटीएस" एवढंच लिहिलं, तर दोघांनी विचारलं की दहशतवादविरोधी पथकाचा इथे काय संबंध! म्हणून हा वेगळा धागा.

आउतोमोबिली तुरिस्मो ए स्पोर्त, म्हणजे एटीएस. आयुष्य जेमतेम तीन वर्षं. पण सुरुवात अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, आता मारानेल्लोला, म्हणजे फेरारीच्या कारखान्याला, कुलूपच लागणार.

१९६१ चा फॉर्म्युला वनचा हंगाम फेरारीने जिंकला. १५६ नावाची गाडी, पुढे शार्कच्या नाकपुड्यांसारखी दोन भोकं. रचनाकार कार्लो कीती. (हो, आडनाव असंच आहे. विनोद करून घ्या.) १० सप्टेंबरला मोंझाच्या शर्यतीत त्यांचाच चालक वोल्फगांग फॉन त्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक मेले. त्याच शर्यतीत फेरारीचाच दुसरा चालक फिल हिल जगज्जेता झाला. विजय असा की पेढे कुणी वाटले नसतील.

हंगाम संपता संपता कारखान्यात भडका उडाला. एन्झो फेरारीची पत्नी लाउरा कारखान्यात आणि शर्यतींच्या ठिकाणी रोजच्या कामात लक्ष घालायला लागली होती. विक्रीप्रमुख गार्दिनीचं आणि तिचं वाजलं, गार्दिनीला नारळ मिळाला. बाकीच्या वरिष्ठांनी वकिलामार्फत मालकाला पत्र धाडलं. उत्तर म्हणून गार्दिनी धरून आठ जण बाहेर. मुख्य अभियंता कीती, जीटी गाड्यांचा प्रयोगप्रमुख जोत्तो बिझारिनी (२५० जीटीओ ही शर्यतीची गाडी हातात होती त्याच्या), संघव्यवस्थापक रोमोलो तावोनी, शिवाय हिशेब, खरेदी, ओतशाळा आणि कामगार विभाग यांचे प्रमुख. इटलीत याला "राजवाड्यातलं बंड" म्हणतात. मागे उरलेल्यांतून एन्झोने २६ वर्षांच्या माउरो फोर्गिएरीला उचललं आणि सांगितलं, आता तू सांभाळ.

बाहेर पडलेल्यांना पैसेवाले लगेच भेटले. तीन होते. व्हेनिसचा विशीतला काउंट जोवान्नी वोल्पी, ज्याच्या वडिलांनी व्हेनिसचा चित्रपट महोत्सव सुरू केला. बोलिव्हियाच्या टिनसम्राटाचा नातू हाइमे ओर्तिझ-पातिन्यो. आणि फ्लोरेन्सचा उद्योगपती जॉर्जो बिल्ली. फेब्रुवारी १९६२ मध्ये कंपनी उभी राहिली, बोलोन्याच्या दक्षिणेला पोन्तेक्यो मार्कोनी इथे कारखाना बांधायला घेतला. वोल्पीच्या शर्यतसंघाचं नाव "सेरेनिस्सिमा" होतं, ते सुरुवातीला कंपनीच्याही नावात होतं.

एन्झोला हे कळल्यावर त्याने वोल्पीच्या जीटीओ गाड्या द्यायला नकार दिला. वोल्पीने मग आपली जुनी २५० जीटी बिझारिनीकडे दिली. त्याने तिची मागची बाजू छतापासून सरळ नेऊन एकदम कापली, दिसायला थेट पावाची गाडी. नावही तेच पडलं, ब्रेडव्हॅन. १९६२ च्या ल माँला ती सुरुवातीच्या तासांत फेरारीच्या जीटीओंच्या पुढे पळत होती. मग चौथ्या तासात ड्राइव्हशाफ्ट गेला. या एका गाडीवर वेगळा धागा होईल.

पण वर्ष संपायच्या आत वोल्पी बाहेर पडला आणि सेरेनिस्सिमा हा शब्द पाटीवरून उतरला. बिझारिनीही गेला. पुढे पातिन्योही. उरले कीती आणि बिल्ली.

तरी गाडी झाली! मार्च १९६३, जिनिव्हाचं प्रदर्शन. एटीएस २५०० जीटी. अडीच लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि ते चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. फ्रान्सच्या रेने बोने जेटमध्ये इंजिन तिथेच होतं, पण ते चार सिलिंडरचं छोटं. व्ही-८ इंजिन गाडीच्या मध्यभागी बसवून रस्त्यावर विकायला काढलेली पहिली गाडी ही. लाम्बोर्गिनीची मिउरा यायला अजून तीन वर्षं होती आणि फेरारीची डिनो तर त्याच्याही नंतरची. आकार फ्रांको स्कालिओनेचा, बॉडी तोरिनोच्या आलेमानोकडे ठोकलेली. काचेच्या मागे उतरत जाणारी ती पाठ फोटोत बघा, ६३ सालची वाटत नाही. जीटीएस नावाच्या तापट आवृत्तीत २४५ अश्वशक्तीच्या आसपास. बनल्या किती? डझनभर धरा.

आणि याच वेळी, याच कारखान्यात, याच माणसांनी फॉर्म्युला वनची गाडी करायला घेतली होती. टिपो १००. दीड लिटरचं व्ही-८ स्वतःचं, चासी (गाडीचा सांगाडा) स्वतःची. चालक फिल हिल, म्हणजे गेल्याच्या गेल्या वर्षीचा जगज्जेता, आणि जान्कार्लो बागेत्ती, ज्याने ६१ मध्ये जगज्जेतेपदाच्या आपल्या पहिल्याच शर्यतीत फ्रान्स जिंकलं होतं. दोघेही फेरारीतूनच आलेले.

बेल्जियमचं स्पा, जून १९६३. दोघांचे गिअरबॉक्स गेले. झँडफोर्ट, दोघं बाद. मग फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी या तीन शर्यतींना गेलेच नाहीत. मोंझाला घरच्या प्रेक्षकांसमोर दोन्ही गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. हिल अकरावा, सात फेऱ्या मागे. बागेत्ती पंधरावा, त्याचं तर विचारूच नका. वॉटकिन्स ग्लेनला दोघांचे ऑइल पंप गेले, बागेत्तीची पहिली फेरीही पुरी झाली नाही. मेक्सिको, दोघं बाद. खेळ खलास. गुण शून्य.

या गाडीची मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट अशी: चासीचे पाइप इंजिनाच्या डोक्यावरून गेलेले होते, तेही वेल्ड करून. इंजिन खाली घ्यायचं तर पाइप करवतीने कापायचे आणि काम झालं की परत जोडायचे. जगज्जेत्या गाडीचा रचनाकार, आणि हे!

माझं मत असं की यांना पैशाने मारलं नाही. रस्त्यावरची गाडी आणि फॉर्म्युला वन हे दोन्ही एकदम सुरू करण्याच्या हट्टाने मारलं. तुम्हाला काय वाटतं?

निशिगंध

वाचनखूण साठवली. पण ते पाइप कापण्याचं काही डोक्यात शिरेना. कुणी मुद्दाम असं का करेल?

उद्यमनगरी

मुद्दाम कोणी करत नाही ताई, ते होतं. कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं दुकान आहे, म्हणून सांगतो.

पाइपांच्या चासीत सगळी ताकद त्रिकोणात असते. चौकोन केला की तो पिळवटतो, त्यात एक तिरका पाइप टाकला की हलत नाही. आता इंजिन वरून खाली सोडायचं तर वर मोठा चौकोन उघडा ठेवावा लागतो. म्हणजे नेमकी जिथे सगळ्यात जास्त ओढाताण, तिथेच भगदाड. शहाणा माणूस काय करतो, तिथला तिरका पाइप बोल्टाचा करतो. दोन्ही टोकांना कान काढायचे, त्यात पाइप बसवायचा, बोल्ट आवळायचे. पण कानाला मशिनिंग आलं, भोकं जुळायला जिग आलं, आणि बोल्टाच्या भोकात केसभर जरी फट राहिली तरी चासी वळवळते. घाई असली की माणूस म्हणतो, आत्ता टॅक मारून टाक, नंतर बघू. ते नंतर येत नाही.

आणि कापून जोडण्याने फक्त वेळ जात नाही. प्रत्येक वेल्डने पाइप ओढला जातो. शर्यतीच्या आदल्या रात्री कापलं, जोडलं, की मागची चाकं कालच्या जागी आहेत का हे परत मोजायचं. मोजत असतील का, शंका आहे.

माझं सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला गूळ ढवळायच्या यंत्राची फ्रेम करून दिली. माप अचूक, फिनिश झकास. दिवाळीनंतर मोटर जळाली तेव्हा कळलं की मोटर आत बसवून मगच मी वरचा अँगल जोडला होता. ग्राइंडर घेऊन त्यांच्या गुऱ्हाळावर गेलो, सगळे कामगार बघत उभे. चूक शंभर टक्के माझी. पैसे मागायचं तोंड नव्हतं, नुसता गूळ खाऊन परत आलो.

हिशेबनीस

धागाकर्त्यांनी एक गोष्ट सांगायची टाळली की त्यांच्या लक्षात आली नाही? आठ जण बाहेर पडले. त्यातले दोघं पुढे फेरारीकडे परत गेले. कोण? एर्मान्नो देल्ला कासा आणि फेदेरिको जिबेर्ती. पहिला हिशेब बघायचा, दुसरा खरेदी.

म्हणजे नव्या कारखान्यात बेअरिंग कोणाकडून, कधी आणि कोणत्या भावाने आणायची हे ज्याला पाठ होतं तो जुन्या मालकाकडे परत. तुम्ही सगळे रचनाकाराबद्दल बोलताय. नवा धंदा रचनाकाराविना वर्षभर तग धरतो, खरेदीवाल्याविना महिनाभरही नाही. आमच्या कंपनीत (नाव नको) अख्खं डिझाइन खातं सोडून गेलं तेव्हा एमडी हसत होते. स्टोअरचा माणूस निवृत्त झाला तेव्हा लाइन तीन दिवस बंद होती.

आणि बिल्लीला विचारलं असेल की खर्च "किती", तर उत्तर समोरच बसलेलं. बिल भरणारा बिल्ली. माफ करा, राहवलं नाही.

गिअरबदलू

हिशेबनीस, वाकून नमस्कार. नावं माहीत होती, पण खाती जुळवून बघितली नव्हती. हा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा भारी आहे.

तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. त्याच काळातले इंग्लिश संघ बघा. लोटस, कूपर, ब्रॅबम. इंजिन कॉव्हेंट्री क्लायमॅक्सकडून विकत. स्वतः फक्त चासी करायची, त्याही गिऱ्हाइकांना विकायच्या आणि त्या पैशावर शर्यती करायच्या. एन्झो त्यांना तुच्छतेने "गॅरेजवाले" म्हणायचा. एटीएसवाले मनाने एन्झोच राहिले. इंजिनही आमचंच, चासीही आमचीच. एन्झोकडे मागे रस्त्यावरच्या गाड्यांची कमाई होती, यांच्याकडे जिनिव्हात ठेवलेलं एक सुंदर मॉडेल होतं. त्यात ६३-६४ मध्ये इटलीत मंदी आली. सुखवस्तू माणूसही दहादा विचार करून गाडी घेणार, तर अनोळखी नावाची कोण घेणार?

@उद्यमनगरी, तुमच्या त्रिकोणाला जोडून: ज्या स्पाच्या शर्यतीत एटीएस पहिल्यांदा उतरली, ती जिम क्लार्कने पावसात जिंकली. गाडी लोटस २५. तिच्यात पाइपच नव्हते. पत्र्याची पेटी, मोनोकॉक, जी लोटसने ६२ मध्येच आणली होती. त्या वर्षी क्लार्कने दहापैकी सात शर्यती मारल्या. म्हणजे जो पाइप हे लोक कापत बसले होते तो पाइपच जुना झाला होता.

अवांतरकर

पोन्तेक्यो मार्कोनी म्हणजे तेच ना, गुल्येल्मो मार्कोनीचं घर? व्हिला ग्रिफोने? १८९५ मध्ये त्याने तिथून बिनतारी संदेशाचे प्रयोग केले. नंतर गावाच्या नावालाच मार्कोनी चिकटवलं. आणि आमचे जगदीशचंद्र बोस मात्र...

हिशेबनीस

झालं! आता हा धागा दोनशे प्रतिसादांना पोचणार आणि त्यातले एकशे ऐंशी बोस-मार्कोनी. अवांतरकर, हात जोडतो, वेगळा धागा काढा. मी येतो तिकडे भांडायला.

कुर्ला_पूर्व

आमच्यासाठी इटालियन गाडी म्हणजे कुर्ल्याला प्रीमियरमध्ये बनणारी फियाट. आधी डिलाइट, मग ७४ पासून पद्मिनी. माझी अजून आहे. तिचं इंजिन पुढे, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. इंजिन माणसाच्या पाठीमागे ठेवून मिळतं काय? आवाज आणि उष्णता?

गिअरबदलू

काका, आवाज आणि उष्णता तर मिळतेच, त्यात वाद नाही. :) पण इंजिन हा गाडीतला सगळ्यात जड दगड. तो टोकाला ठेवला की वळणावर गाडीला फिरवायला आणि फिरलेली थांबवायला जास्त जोर लागतो. दळणाची पिशवी हात लांब करून धरा आणि अंगाशी धरून बघा, तसंच. मध्ये ठेवला की गाडी चटकन वळते. तोटा हा की घसरली तर तितक्याच चटकन घसरते. शिवाय मागची सीट गेली, डिकी गेली, आणि मेकॅनिकला हात घालायला जागा राहत नाही. शर्यतीत कूपरने ५९ मध्येच हे सिद्ध करून विजेतेपद नेलं होतं. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाच्या हातात अशी गाडी द्यायला एन्झो कचरत होता. कीतीने फेरारीत असताना शर्यतीसाठी त्याला इंजिन मागे न्यायला लावलं. बाहेर पडल्यावर तेच रस्त्यासाठी करून दाखवलं. यासाठी तरी एटीएसला मानायला हवं.

मृद्गंधा

लेख आवडला, पण एक खटकलं. कारखाना फुटला की कारण बायको. किती सोपं! ही हकीकत सांगितली कोणी? ज्यांना काढलं त्यांनी. लाउराची बाजू कुठे आहे? पाच वर्षांपूर्वी, ५६ मध्ये, तिचा चोवीस वर्षांचा मुलगा डिनो गेला होता. नवऱ्याचं दुसरं घर, त्यातला दुसरा मुलगा. त्या बाईने कारखान्यात यायचं नाही तर कुठे जायचं? आणि कारखाना तिचाही होताच की.

आणखी एक. एकाच वेळी आठ खातेप्रमुख सही करतात तेव्हा प्रश्न एका बाईच्या स्वभावाचा नसतो. जगज्जेतेपद आणून देऊनही आपलं कोणी ऐकत नाही, हा असतो. बाईचं नाव लिहायला सोपं पडलं, मालकाचं लिहायची हिंमत झाली नाही.

गिअरबदलू

खरं आहे. मी "भडका" लिहिताना जे सर्रास वाचलंय तेच उचललं. मालकावरचा राग पत्रात मालकिणीच्या नावाने उतरला, हे पटतं. "लक्ष घालायला लागली होती" हे वाक्य एन्झोबद्दल मी लिहिलंच नसतं, हेही आत्ताच कळलं.

चाकं_चार

एटीएस फॉर्म्युला वनमध्ये ऐंशीच्या दशकात पण होती ना? पिवळी गाडी आठवते.

गिअरबदलू

ती जर्मन. चाकांच्या रिम बनवणारी कंपनी, १९७७ ते ८४. नाव सोडलं तर काहीही संबंध नाही. आपल्या एटीएसचा शेवटचा श्वास त्याच्या खूप आधीचा. ६४ मध्ये मेकॅनिक आल्फ फ्रान्सिस आणि व्हिक डेरिंग्टन यांनी एक टिपो १०० घेऊन तिची चासी बदलली. पोर्तुगालचा मारियो काब्राल मोंझाला ती घेऊन उतरला आणि बाद झाला. त्याच वर्षी सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत दोन २५०० जीटी उतरल्या, दोन्ही परतल्या नाहीत. ६५ मध्ये कारखान्याचं दार बंद.

निशिगंध

आणि माणसांचं काय झालं पुढे?

गिअरबदलू

हा भाग मला सगळ्यात आवडतो.

बिझारिनीने ६३ मध्ये लाम्बोर्गिनीचं पहिलं व्ही-१२ आखलं. तेच इंजिन वाढत वाढत २०१० पर्यंत त्या गाड्यांत राहिलं. मग इसो कंपनीची ग्रिफो, मग स्वतःच्या नावाची गाडी, ती कंपनीही थोडक्याच वर्षांत आटोपली. २०२३ मध्ये गेला, ९६ वर्षांचा होऊन.

तावोनी पुढे मोंझाच्या ट्रॅकवरच कामाला होता. पातिन्योने स्पेनमध्ये वाल्देर्रामाचं गोल्फ मैदान नावारूपाला आणलं, ९७ चा रायडर कप तिथे झाला. एटीएसपेक्षा ते गवत फायद्यात गेलं असणार.

फोर्गिएरी, ज्याच्या गळ्यात ६१ मध्ये सगळं टाकलं होतं, त्याच्या फेरारीने ६४ मध्ये जॉन सर्टीजला जगज्जेता केलं.

कीतीने आउटोडेल्टा काढली, ती अल्फा रोमिओचा शर्यत विभाग झाली. तिथे त्याच्या आवारात भटकी कुत्री पाळलेली असत. हा जाडजूड माणूस गाड्यांच्या मधून फिरतोय आणि मागे कुत्र्यांची रांग. ७५ मध्ये त्याच्या अल्फा ३३ ने जागतिक विजेतेपद घेतलं. त्याआधी ६७ मध्ये त्याच ३३ ची रस्त्यावरची आवृत्ती आली, स्त्रादाले. व्ही-८, इंजिन मध्ये, आकार स्कालिओनेचा. ओळखीचं वाटतंय? २५०० जीटीचीच जोडी, तेच गणित. या वेळी मागे अल्फा होती. तरी अठराच्या आसपासच बनल्या, पण आज जगातल्या सर्वांत सुंदर गाड्यांत नाव घेतात.

राहिला वोल्पी. तो सेरेनिस्सिमा नावाने इंजिनं करत राहिला. ६६ मध्ये ब्रँड्स हॅचला ब्रूस मॅक्लारेनने ते इंजिन लावून सहावा क्रमांक घेतला. मॅक्लारेन संघाचा फॉर्म्युला वनमधला पहिला गुण तो.

चाकं_चार

अरे वा! म्हणजे आता हे ऐका. एटीएस नाव अलीकडे परत आलंय. २०१७ मध्ये नवी एटीएस जीटी दाखवली. आतली गाडी कोणाची? मॅक्लारेनची.

हिशेबनीस

एकावन्न वर्षांनी उधारी फिटली. व्याज धरलेलं दिसत नाही.

उद्यमनगरी

ते सगळं ठीक. नवीन गाडीचं इंजिन काढायला करवत लागते का, तेवढं कोणीतरी सांगा.

कुर्ला_पूर्व

माझ्या पद्मिनीचं दोन माणसं आणि एक चेनपुली, दुपारच्या चहाआधी खाली. या कधी बघायला.